घरातील बिनतारी जाळे : ओळख, मांडणी आणि राखण

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली हे भिवंडी तालुक्यातील गाव. एका अंगास भाताची खाचरे व खाडीचा काठ, तर दुसऱ्या अंगास दूरदूरच्या शहरांचा माल साठविणारी पत्र्याची गोदामे, असे ह्या परिसराचे आजचे रूप आहे. गोदामांच्या निमित्ताने रस्ते आले, वीज आली आणि इंटरनेटच्या तारांचे जाळेही आले. महामार्गालगतच्या ह्या पट्ट्यात आता अनेक घरांच्या ओटीवर वा माजघरात एक लहानशी पेटी लुकलुकत असते. तीस कोणी ‘वाय-फायचा डबा’ म्हणतात, कोणी ‘राऊटर’ म्हणतात.

ह्या पेटीवर आज बरेच काही अवलंबून आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. पीक विम्याचा अर्ज, पीएम-किसान योजनेची ओळख-पडताळणी, हवामानाचा अंदाज, बाजारभाव, मुलांचा अभ्यास व बँकेचे व्यवहार ही सर्व कामे तिच्याद्वारे होतात. सबब ही पेटी करमणुकीचे साधन तर आहेच, शिवाय जमिनीचे कागद आणि कष्टाचा पैसा ज्या दारातून ये-जा करतात ते दारही आहे. दार नीट बसविलेले असावे आणि त्यास कुलूप असावे, हे कोणाही घरधन्यास सांगावे लागत नाही. ह्या नव्या दाराची गोष्ट मात्र बहुतेकांस कोणी समजावून दिलेली नसते. ती समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे.

जोडणी निराळी, जाळे निराळे

सर्वप्रथम एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे. बाहेरून घरापर्यंत इंटरनेट आणणारी तार ही ‘जोडणी’ होय. तिचे मासिक शुल्क आपण कंपनीस देतो. पेटीपासून घरातील मोबाइल, दूरदर्शन संच अथवा संगणक ह्यांच्यापर्यंत जे तारेवाचून पोचते ते ‘बिनतारी जाळे’ किंवा वाय-फाय होय. हे जाळे आपल्या घरचे असते आणि त्याची मांडणी आपल्या हाती असते.

मानकोलीकरांस ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. उल्हास खाडीवरून डोंबिवलीकडील मोठागावास मानकोलीशी जोडणारा पूल २०२५ साली वाहतुकीस खुला झाला. पूल कितीही रुंद असला, तरी पुढील नाका तुंबला असेल तर गाडी घरी वेळेवर पोचत नाही. तद्वत जोडणी कितीही वेगवान घेतली, तरी घरातील बिनतारी जाळे दुबळे असेल तर पडवीत बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर धडा अडखळतच उघडतो. अशा वेळी पुष्कळ जण अधिक शुल्काची जोडणी घेतात. पैसा जातो, अडचण मात्र तशीच राहते, कारण दोष पुलावर नसून नाक्यावर असतो.

बिनतारी म्हणजे काय ?

‘बिनतारी’ हा शब्द मराठीस नवा नाही. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यास जाहीर प्रयोग करून अदृश्य विद्युत्-लहरींच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजवून दाखविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. पुढे मार्कोनी प्रभृतींनी ह्याच जातीच्या लहरींवर बिनतारी संदेशवहन उभे केले, आणि त्यातून रेडिओ खेडोपाडी पोचला. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत सुमारे १५० खेड्यांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालविली. शेतकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत.

वाय-फाय हे त्याच कुळातील आहे. फरक इतकाच की रेडिओ केवळ ऐकतो, तर वाय-फायमधील प्रत्येक यंत्र ऐकते आणि बोलतेही. रेडिओच्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या असतात व दूरवर पसरतात. वाय-फायच्या लहरी काही सेंटिमीटर लांबीच्या असतात, व त्यांची शक्ती इतकी अल्प ठेवलेली असते की त्या घर व अंगण एवढ्यापुरत्याच उपयोगी पडतात. ह्या लहरी क्ष-किरणांच्या जातीच्या नव्हेत, आणि घरगुती पेटीची प्रक्षेपणशक्ती साधारणतः एक वॅटपेक्षाही कमी असते.

एकेकाळी घरात रेडिओ ठेवावयास परवाना काढावा लागे. वाय-फायसाठी तसा परवाना लागत नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ साली अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोकळीक २०१८ साली वाढविली. मोकळीक सर्वांना आहे, म्हणूनच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात. हेही पुढील मांडणीत ध्यानात ठेवावे लागते.

नेहमी कानावर येणारे शब्द

राऊटर : बाहेरून आलेली एक जोडणी घरातील अनेक यंत्रांत वाटून देणारी पेटी. कोणती माहिती कोणत्या यंत्राकडे जावयाची हे ती ठरविते. तंतूची, म्हणजे फायबरची, जोडणी असल्यास प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारा भाग पुष्कळदा ह्याच पेटीत बसविलेला असतो.

जाळ्याचे नाव : मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली असता जी नावे दिसतात ती. ह्या नावात आपले आडनाव, घर क्रमांक वा मोबाइल क्रमांक घालू नये.

पट्टा किंवा बँड : लहरींची जात. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते व दूर जाते, परंतु वेगास कमी पडते. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे सहा सेंटिमीटरांची असते. ती वेगवान खरी, पण भिंतीआड लवकर क्षीण होते. पेटीच्याच खोलीत ५ चा व लांबच्या खोलीत २.४ चा पट्टा वापरावा.

चॅनेल : पट्ट्यातील वाट. २.४ च्या पट्ट्यात १३ चॅनेल असले, तरी शेजारशेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. १, ६ व ११ हे तीनच एकमेकांपासून पुरेसे अलग आहेत. चाळीत अथवा दाट वस्तीत ह्या तिघांपैकी जो कमी गजबजलेला असेल तो निवडावा.

वेग : हा मेगाबिट प्रतिसेकंद ह्या मापात सांगतात. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ४० मेगाबिटच्या जोडणीवर एका सेकंदात फार तर ५ मेगाबाइटचा मजकूर उतरेल. ४० मेगाबाइटची फीत उतरावयास आठ सेकंद लागले, तर कंपनीने फसविले असे समजू नये.

वाय-फाय ४, ५, ६, ७ : ह्या पिढ्या आहेत. आकडा मोठा तितकी पिढी नवी. तथापि पेटी नवी व मोबाइल जुना असेल, तर त्या दोघांचा व्यवहार जुन्याच्याच क्षमतेने होतो. केवळ मोठा आकडा पाहून खरेदी करू नये.

ब्लूटूथ : हातभर ते खोलीभर अंतरासाठी. कानातील यंत्र, घड्याळ वा ध्वनिपेटी मोबाइलशी जोडण्याकरिता ते असते.

हॉटस्पॉट : मोबाइलने स्वतःच तात्पुरता राऊटर होणे. ह्यात मोबाइलच्या शुल्कातील डेटा खर्च होतो आणि बॅटरी लवकर उतरते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. विहिरीवरील पंप मोबाइलने चालू-बंद करणारी जी यंत्रे मिळतात, त्यांपैकी बहुतेक सिमकार्डावर, म्हणजे मोबाइलच्या मनोऱ्यावर, चालतात. घरातील वाय-फाय सुधारल्याने असा पंप अधिक चांगला चालू लागेल असे नाही.

लहरींस अडविणाऱ्या वस्तू

लाकडी दार व पातळ पडदी ह्यांतून लहर सहज जाते. विटांची भिंत तिची काही शक्ती शोषून घेते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब व जाड काँक्रीटची भिंत ह्यांत ती बरीच क्षीण होते. धातूचा पत्रा तर तीस जवळजवळ संपूर्ण परतवून लावतो. पाणीही लहर शोषून घेते, म्हणून पाण्याची टाकी वा पिंप ह्यांच्या आडोशास संकेत दुबळा मिळतो. मायक्रोवेव्ह शेगडीही २.४ च्याच पट्ट्यानजीक काम करते. तिच्याजवळ पेटी असल्यास शेगडी चालू असेपर्यंत जाळे अडखळण्याचा संभव असतो.

मानकोलीसारख्या गावी ह्याचा अर्थ स्पष्ट आहे. घर आणि गोठा, अथवा घर आणि लहान गोदाम, ह्यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असेल तर घरातील वाय-फाय पलीकडे पोचण्याची अपेक्षा करू नये. पेटीची मांडणी पुढीलप्रमाणे करावी :

१. पेटी घराच्या शक्य तितक्या मध्यभागी ठेवावी. तार दारातून आत आली म्हणून पेटीही दारातच बसविण्याची रीत सोयीची असली, तरी त्यामुळे निम्म्या लहरी अंगणात जातात.

२. ती जमिनीवर न ठेवता छातीइतक्या वा त्याहून थोड्या अधिक उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवावी.

३. लोखंडी कपाट, दूरदर्शन संचाची मागील बाजू, आरसा, शीतकपाट व पाण्याचे पिंप ह्यांपासून ती दूर असावी.

४. पेटीवर रुमाल, फोटो वा वह्या ठेवू नयेत. तिला वारा लागला पाहिजे.

५. तंतूची तार तीव्र कोनात वाकवू नये व खिळ्याने दाबू नये. आतील काचेचा तंतू तुटल्यास वरून काही दिसत नाही.

दोष कोठे आहे हे कसे ओळखावे ?

तक्रार करण्यापूर्वी अगर नवी खरेदी करण्यापूर्वी दोन मोजमापे घ्यावीत. पैसा त्यांस काही लागत नाही. वेग मोजणारे साधन मोबाइलवर विनामूल्य मिळते.

पहिले माप पेटीपासून चार-पाच हातांवर, मध्ये आडोसा नसताना, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घ्यावे. त्या वेळी घरातील इतर यंत्रे बंद ठेवावीत. दुसरे माप जेथे अडचण येते तेथे, म्हणजे पडवीत वा मागच्या खोलीत, घ्यावे. दोन्ही मापे कागदावर तारीख-वेळेसह लिहून ठेवावीत.

पहिले माप आपण घेतलेल्या वेगाच्या आसपास व दुसरे पुष्कळ कमी असेल, तर जोडणी ठीक असून घरातील जाळे सुधारावयास हवे. पहिलेच माप कमी असेल, तर पेटी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करावी व माप परत घ्यावे. शक्य असल्यास तारेने संगणक जोडूनही एक माप घ्यावे. तरीही ते कमीच भरले, तर दोष जोडणीत असण्याचा संभव अधिक. अशा वेळी तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळची मापे दाखवून कंपनीकडे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. लेखी मापे असली म्हणजे बोलणे नेमके होते.

घरापासून दूर जाळे न्यावयाचे असल्यास

लांबच्या खोलीसाठी ‘विस्तारक’ नावाची लहान पेटी मिळते. ती पहिल्या पेटीचा संकेत ऐकून पुढे सांगते. भातशेतीत वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते, तसाच हा प्रकार. वरच्यात पाणी नसेल तर खालच्यास कोठून मिळणार ? म्हणून विस्तारक अडचणीच्या खोलीत न ठेवता, जेथे संकेत अजून चांगला आहे अशा मधल्या जागी ठेवावा. एकाच पट्ट्यावर ऐकणारा व बोलणारा विस्तारक वेग सुमारे निम्म्यावर आणतो, हेही ध्यानी असावे. अनेक पेट्या मिळून एकाच नावाचे जाळे करण्याच्या पद्धतीस ‘मेश’ म्हणतात. ती मोठ्या घरास चांगली, परंतु खर्चाची आहे.

सर्वांत भरवशाचा उपाय साधा आहे. पेटीपासून दुसऱ्या खोलीपर्यंत जाळ्याची तार टाकून तेथे दुसरी पेटी बसवावी. ही तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. मात्र एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून तार न्यावयाची असल्यास तांब्याऐवजी तंतूची तार घ्यावी, म्हणजे विजेच्या गडगडाटात धोका राहत नाही.

गावोगावी जाळे नेण्याचे सार्वजनिक प्रयत्नही जाणून घेण्यासारखे आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत तंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तार पोचणे कठीण अशा वस्त्यांसाठी मुंबईच्या आय.आय.टी.ने पालघर जिल्ह्यातील काही खेड्यांत, दूरदर्शनच्या पट्ट्यातील रिकाम्या लहरी वापरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. दूरदर्शनच्या ह्या लहरी अधिक लांबीच्या असल्याने झाडीतून व चढउतारांवरून त्या वाय-फायपेक्षा दूर पोचतात. घरात लागू असलेला नियम रानातही तोच : लहर जितकी लांब, तितका तिचा पल्ला बरा.

जाळ्यास कुलूप

बिनतारी लहर भिंतीशी थांबत नाही. अंगणात वा रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलपर्यंतही ती पोचते. म्हणून जाळ्यावरून जाणारी माहिती सांकेतिक करण्याची सोय केलेली असते. तिचे प्रकार जुन्याकडून नव्याकडे असे आहेत : डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३. ह्यांपैकी पहिल्यातील उणिवा २००१ सालीच उघड झाल्या, तो वापरूच नये. डब्ल्यूपीए-२ हा २००४ सालचा व डब्ल्यूपीए-३ हा २०१८ सालचा आहे. ह्या दोहोंपैकी जो आपल्या यंत्रांस चालेल तो ठेवावा.

पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. मोबाइल क्रमांक, मुलाचे नाव, जन्मसाल अथवा १ ते ८ आकडे हे पासवर्ड नव्हेत, ती उघडी कडी होय. परस्परांशी संबंध नसलेले तीन-चार मराठी शब्द रोमन लिपीत जोडून लिहिल्यास पासवर्ड लांब होतो आणि ध्यानातही राहतो. ह्याखेरीज पेटीच्या आत जाऊन फेरबदल करण्याचा एक निराळा पासवर्ड असतो. तो कारखान्यातून आलेला तसाच राहू देणे धोक्याचे आहे. पेटी बसविणाऱ्या माणसाकडून तो समक्ष बदलून घ्यावा आणि घरच्या वहीत लिहून ठेवावा. बटण दाबून पासवर्डाशिवाय जोडण्याची सोय वापरात नसेल तर बंद ठेवावी.

ज्यांच्या घरी भाड्याच्या खोल्या आहेत, अथवा ज्यांच्याकडे कामाच्या माणसांची ये-जा आहे, त्यांनी विशेष दक्षता घ्यावी. आपल्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केल्यास पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नावे त्याच्याकडे येते. माणुसकीने वाय-फाय देण्यास हरकत नाही, परंतु ते ‘पाहुण्यांचे जाळे’ ह्या निराळ्या नावाने द्यावे. बहुतेक नव्या पेट्यांत ही सोय असते. तीमुळे पाहुण्यास इंटरनेट मिळते, आपल्या घरातील यंत्रांपर्यंत मात्र त्यास वाट मिळत नाही. भाडेकरू बदलला की त्या जाळ्याचा पासवर्डही बदलावा.

बाजारात, स्थानकावर अथवा दुकानात सार्वजनिक वाय-फाय मिळते. लहान दुकानदारासही परवान्याशिवाय असे केंद्र चालविता यावे म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ ही योजना मंजूर केली. बातम्या व बाजारभाव पाहण्यास ही सोय उत्तम. बँकेचा व्यवहार मात्र अनोळखी जाळ्यावर करू नये, त्यासाठी मोबाइलचा स्वतःचा डेटा वापरावा.

आणि जाळे कितीही पक्के असले, तरी घरच्याच माणसाने आलेला गुप्त क्रमांक फोनवरून परक्यास सांगितला, तर कुलपाचा उपयोग काय ? बँक, तलाठी कार्यालय वा कंपनी ह्यांच्या नावाने कोणी तो विचारल्यास देऊ नये. फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. जितके लवकर कळवाल, तितका पैसा अडविला जाण्याचा संभव अधिक.

वीज व पावसाळा

घरगुती राऊटरला सुमारे दहा वॅट वीज लागते असे धरल्यास तो अहोरात्र चालू ठेवून महिन्यास सात युनिटांच्या आसपास खप होतो. वीज गेली असता जाळे चालू राहावे असे वाटत असल्यास राऊटरपुरता लहान बॅटरी-संच मिळतो. घेण्यापूर्वी राऊटरच्या जोडयंत्रावरील व्होल्ट व अँपिअरचे आकडे जुळवून पाहावेत. विजा चमकत असताना राऊटरचे जोडयंत्र भिंतीवरील प्लगमधून काढून ठेवावे. तंतूतून वीज येत नाही, परंतु घरातील विजेच्या तारेतून येणारा आघात पेटी जाळू शकतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर उमगतो. १९५६ च्या रेडिओ मंडळांप्रमाणे वीसएक माणसांचा गट ग्रामपंचायतीत अथवा शाळेत जमवावा. स्त्रियांस व विद्यार्थ्यांस अवश्य बोलवावे, कारण घरी पेटीची देखभाल बहुधा त्यांच्याकडेच येते. एक राऊटर मोकळ्या टेबलावर ठेवून वेग मोजून दाखवावा. नंतर तोच लोखंडी कपाटात ठेवून, दार लावून, पुन्हा मोजावा. दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहिले म्हणजे अर्धा धडा झाला. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर पट्टा कसा निवडावा व घरचे जाळे कोणत्या प्रकारे कुलूपबंद आहे हे कसे पाहावे, ते करवून घ्यावे. ज्यांच्या पेटीस कारखान्याचाच पासवर्ड आहे अशांची यादी करावी व आठ दिवसांत त्यांच्या घरी जाऊन तो बदलून द्यावा. बदललेला पासवर्ड मात्र कार्यकर्त्याने स्वतःकडे लिहून ठेवू नये.

शेताच्या बांधाची डागडुजी ज्याची त्याने करावयाची असते, ती दुसरा कोणी येऊन करीत नाही. घरातील बिनतारी जाळ्याचेही तसेच आहे. तार घरापर्यंत आणण्याचे काम कंपनीचे व शासनाचे. उंबरठ्याच्या आत ते जाळे चांगले मांडणे आणि राखणे हे घरधन्याचे काम आहे. ते पेटीची जागा, दोन मोजमापे आणि एक चांगला पासवर्ड एवढ्याने बहुतांशी साधते.